मुक्या वर्षाबद्दल दोन शब्द

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, बागाईतदार संघाचे सचिव आणि आजचे सूत्रसंचालक, बागेतल्या आणि टाक्यांवरच्या माझ्या सहकारी मंडळी, मागच्या रांगेत बरोबर पंख्याखालची जागा धरून बसलेले आमचे हे, आणि जिच्यासाठी आज ही बाटल्या भरायची शेड झाडूनपुसून सभागृह झाली आहे ती आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सर्वांना माझा नमस्कार.

सचिवसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. वर येताना त्यांनी हळूच बजावलंही, "धाकट्या वहिनी, निरोपाचा कार्यक्रम आहे, जरा गोड बोला." आता गोडीचं म्हणाल तर ती मोजायचं काम मी चोवीस वर्षं करते आहे. बोलायचं काम माझ्याकडे कधी नव्हतं. तरी प्रयत्न करते.

सचिवसाहेबांचं भाषण आपण आत्ताच ऐकलंत. फार सुंदर झालं. त्यात ते म्हणाले, "मोठ्या वहिनींच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत चूक झाली ती एकच, ते मुकं वर्ष! पण चंद्रावरसुद्धा डाग असतोच." सगळे हसलात. जाऊबाईही हसल्या. मी हसले नाही, हे पहिल्या रांगेतल्यांनी पाहिलं असेल. का हसले नाही तेच सांगायला मी उभी आहे. पण कबुली द्यायला उभं राहिलेलं माणूस आधी हवापाण्याचं बोलतं, तसं थोडं मलाही बोलू द्या.

पाहुणे बाहेरगावचे आहेत, म्हणून थोडी माहिती. आमच्या उतारावरच्या बागेत चाळीस ओळी एका वाणाच्या आहेत. कागदोपत्री त्याचं नाव गेवुर्झट्रामिनर. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कलमं आणली तेव्हा हे नाव तीनदा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा कवळी सैल झाली. मग ते म्हणाले, "मरू दे, गुलाबी म्हणा." कारण त्याचे मणी खरोखरच गुलाबी असतात. बघायला येणारे हमखास विचारतात, अहो, द्राक्ष गुलाबी आणि वाइन पांढरी कशी? तर आतला रस पांढराच असतो, साल आपण बाजूला काढतो. पण गंमत अशी की या द्राक्षाचा सगळा जीव त्या सालीतच आहे. गुलाब, लिची आणि मागून किंचित आलं, असा तो वास. पेला नाकाशी नेण्याआधीच तो नाकाशी येतो.

आणि हा वास सगळ्यात शेवटी येतो. गोडी आधी तयार होते. आंबटपणा रोज थोडा थोडा निघून चाललेला असतो. वासाचा मात्र पत्ता नसतो. मग एक दिवस तो येतो, चार-पाच दिवस थांबतो, आणि तेवढ्यात माल तोडला तर तोडला. आधी तोडलात तर वाइन मुकी. नंतर तोडलात तर पाकासारखी जड. म्हणजे सगळा प्रश्न एकच, तोडायचं कधी? हा निर्णय तीस वर्षांत बहुतेक जाऊबाईंनीच घेतला. आणि तो त्या घेतात म्हणून मी चोवीस वर्षं त्यांना पाण्यात पाहिलं.

बघा, मागे कुजबुज सुरू झाली. अहो, जावाजावांत एवढं असायचंच. पण माझं तेवढंच नव्हतं. मी या घरात आले ती पदवी घेऊन. द्राक्षाचा रस आंबतो कसा, यावर मी तीन वर्षं अभ्यास केला होता. माझ्या बॅगेत साड्या कमी आणि काचेच्या नळ्या जास्त होत्या. आणि जाऊबाई? त्यांचं शिक्षण शाळेत संपलेलं. पहिल्याच हंगामात मी गोडी मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं, आकडा बावीस. मामंजींना म्हटलं, उद्या तोडायला हवं. पुस्तकात तसंच होतं.

मामंजींनी ऐकून घेतलं आणि जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी एक मणी तोंडात टाकला. गर गिळून टाकला, साल दाढेखाली धरून चावली, चावली, थुंकली, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडला. मग म्हणाल्या, "अजून नाही. साल नुसती कडू लागतेय. वास थुंकल्यावर परत यायला हवा." बस, एवढंच. ना आकडा, ना तक्ता. मामंजी मला म्हणाले, "थांबू या, सूनबाई." नऊ दिवस थांबलो. त्या वर्षीची पहिली टाकी उघडली तेव्हा या शेडच्या दारातून आत येणारा माणूस तिथेच उभा राहून विचारायचा, आत फुलं कुणी आणली? सगळे जाऊबाईंभोवती जमले. माझ्या हातात यंत्र होतं आणि नाकाला मिरच्या झोंबत होत्या. एवढ्या सुगंधात मिरच्या झोंबलेली बाई मी एकटीच असेन.

त्या वाइनला बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत मामंजी, मोठे दीर, मधोमध जाऊबाई आणि उजव्या कडेला एक कोपर. ते कोपर माझं. आमच्या यांनी ते कात्रण भिंतीवर लावलं आणि आल्यागेल्याला दाखवायचे, "ही आमची बायको." हसू नका, ते अजून लावलेलं आहे.

मग मी ठरवलं, हिची विद्या शिकायचीच. पण विचारायची नाही. विचारायला कमीपणा वाटत होता. मी वही केली. जाऊबाई कधी बागेत जातात, कुठल्या ओळीत थांबतात, कुठल्या दाढेने चावतात, किती वेळ चावतात, सगळं लिहून काढायची. डावीकडची मागून दुसरी दाढ. पंचवीस ते तीस वेळा. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की त्या मणी घेतात ते नेहमी उताराच्या खालच्या टोकाचे. वर जातच नाहीत. मला वाटलं, सापडलं! हेच ते गुपित. खालच्या टोकाला ओल जास्त, तिथला मणी सगळ्यात शेवटी बोलतो, म्हणून तोच प्रमाण. मी त्यावर सात पानी लेख लिहिला. संघाच्या वार्षिक सभेत वाचला. पद्धतशीर, तक्त्यांसकट. टाळ्या मिळाल्या. अध्यक्षमहोदय, आपण स्वतः उठून माझं अभिनंदन केलंत आणि तेव्हापासून आपल्याही बागेत फक्त खालच्या टोकाचे नमुने घेतले जातात, हे मला ठाऊक आहे.

दोन महिन्यांपूर्वी जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "चढ चढायला कधीपासून त्रास होतो?" जाऊबाई म्हणाल्या, "बारा वर्षं झाली. बागेतसुद्धा मी वरच्या टोकाला जात नाही, खालच्या खालीच बघते आणि अंदाज करते." मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. अध्यक्षमहोदय, आपल्या बागेत गेली दहा वर्षं माझ्या जावेचा गुडघा राबवला जातो आहे. आपली क्षमा मागते. नमुने वरचेही घेत चला.

असो. हवापाण्याचं झालं.

आता मुकं वर्ष. त्याला चौदा वर्षं झाली. त्या वर्षी जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. पहिलंच बाळंतपण, जायलाच हवं होतं. निघताना त्यांनी मला बागेत नेलं आणि सांगितलं, "मी सतरा तारखेला येते. तोवर वास येईल असं वाटत नाही. आलाच तर फोन कर. पण परत आला तरच हं, नुसत्या गोडीवर जाऊ नकोस."

तेरा तारखेला मी माल तोडला.

गोडी तेवीस होती. मी साल चावली होती. वास परत आला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. मोठ्या दिरांना मी सांगितलं, पावसाचा अंदाज आहे. अंदाज होता, पण वीस तारखेचा, आणि तोही "तुरळक" असा. मग का तोडला? कारण चार दिवसांनी त्या येणार होत्या. मला एक वर्ष माझं हवं होतं. एक टाकी अशी हवी होती, जिच्यापाशी उभं राहून लोकांनी मला विचारावं, काय केलंत हो तुम्ही? एवढंच. दुसरं कुठलंही कारण नाही. मी शोधून पाहिलं आहे.

वाइन झाली. पेला नाकाशी नेला की काही नाही. धुतलेल्या काचेचा वास. आणि तोंडात घेतली की शेवटी कडू. मामंजींनी दोन घोट घेतले आणि विचारलं, "हे तोडायला कुणी सांगितलं?"

आणि मी म्हटलं, "वहिनींनी. फोनवर."

मागे पुन्हा कुजबुज सुरू झालेली दिसते. होऊ द्या.

जाऊबाई तेव्हा शेडमध्येच होत्या. माझ्या मागे, बाटल्यांचे खोके मोजत. मला माहीत नव्हतं. मामंजींनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, "काय गं, तू सांगितलंस?" मी वळले. जाऊबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मामंजींना म्हणाल्या, "हो. माझीच चूक झाली." मग घरी जाताना मला म्हणाल्या, "जेवलीस का?"

आपल्याला वाटेल, मला लाज वाटली असेल. ती नंतर, खूप नंतर. त्या दिवशी मला राग आला. एवढं मी खोटं बोलले, एवढी खाली उतरले, आणि तिथेही ही बाई माझ्या वरच! चोराला निदान पकडलं जायचा हक्क असतो. तोही मला मिळाला नाही.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे, पण त्याचं कारण ठाऊक नाही. मामंजींनी बाहेरून सल्लागार आणला. तीन हंगाम तो टोपीवाला गृहस्थ तोडणीची तारीख ठरवायचा आणि जाऊबाई टोपल्या घेऊन बायकांबरोबर ओळीत उभ्या राहायच्या. स्वतःच्या बागेत. मी रोज पाहत होते. मूग गिळून बसले होते. तिसऱ्या हंगामात मामंजी आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी जाऊबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "तेवढं एक वर्ष सोडलं तर तू बाग सोन्यासारखी सांभाळलीस." पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मी उशी नीट करत होते. तेव्हा तरी बोलायचं! एक वाक्य होतं. मी उशी नीट करत राहिले. मामंजी तसंच मानून गेले. त्यानंतर मोठ्या दिरांनी सल्लागाराला निरोप दिला आणि तोडणी पुन्हा जाऊबाईंकडे आली.

चव घ्यायच्या खोलीत भिंतीवर जो फलक आहे, ज्यावर दर वर्षीची तोडणीची तारीख आणि निर्णय कुणाचा ते लिहिलेलं असतं, त्यावर त्या वर्षासमोर जाऊबाईंचं नाव आहे. पाहुणे आले की आपण सगळे तिथे थांबून हसतो. आज सकाळी मी रंगाऱ्याला बोलावलं. ते नाव पुसून माझं घालायला सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर चहाला तिकडेच जायचं आहे. रंग ओला आहे, हात लावू नका. सचिवसाहेब, आपल्या भाषणातला चंद्र निष्कलंक आहे, एवढी दुरुस्ती इतिवृत्तात करून घ्या.

थोडी मिनिटं जास्त घेते. सचिव घड्याळ दाखवतायत, मला दिसतंय.

जाऊबाई परवा लेकीकडे कायमच्या राहायला जाणार. गेल्या आठवड्यात घरातले सगळे बसलो. मोठ्या दिरांनी विचारलं, आता तोडणी कोण ठरवणार? आमच्या यांनी सल्लागाराचं नाव काढलं. बघा, नवरा असावा तर असा! तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "धाकटी ठरवेल." दीर म्हणाले, "तिला जमेल?"

त्यावर जाऊबाई जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगते. "तिची जीभ माझ्याहून चांगली आहे. पहिल्या वर्षापासून आहे. पण ती द्राक्षाकडे बघतच नाही, माझ्याकडे बघत बसते. मी गेले की बघेल."

मंडळी, मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चोवीस वर्षं! जाऊबाई कुठल्या दाढेने चावतात ते मला माहीत आहे. त्या विचारात पडल्या की पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, वास आला की आधी डावी भुवई वर जाते, हे मला झोपेत विचारा, सांगेन. मी साल तोंडात टाकायचे आणि डोळे त्यांच्या भुवईवर. त्यांना आला तर मला आला. गुलाबीची माझी ओळख म्हणाल तर ती एवढीच, दुसरीच्या तोंडावरून झालेली.

आज सकाळी मी एकटी बागेत गेले. वरच्या टोकापर्यंत चढले. मणी घेतला, चावला. गोड. मग कडू. साल थुंकले. काही नाही. म्हटलं, झालं, आपल्याच्याने हे होणार नाही. आणि श्वास सोडला, तेव्हा मागून, घशाच्या वरून, तो आला. गुलाब नाही, गुलाब आपण म्हणतो म्हणून. ओल्या, नुकत्याच सोललेल्या लिचीचा, आणि त्याखाली आल्याचा एक बारीक तिखटपणा. आला आणि राहिला. मी मान वळवली. सवयीने. बाजूला कुणीच नव्हतं, आणि तो तरीही होता.

मग खालच्या टोकाला आले. तिथे तो आलेला नव्हता. साल कडूच. पाच वेळा पाहिलं, पाच मणी.

आजवर आपण सगळी बाग एकाच दिवशी पिकते असं धरलं आणि एकदमच तोडली. मामंजींनी तशीच तोडली, जाऊबाईंनीही. मी तसं करणार नाही. टोळीच्या बायकांनी ऐकून ठेवा, उद्या सकाळी सहाला वरच्या सोळा ओळी. खालच्या चोवीस ओळींना कात्री लावायची नाही, मी सांगेपर्यंत. चूक ठरली तर फलकावर जागा आहे, आणि नाव कुणाचं घालायचं हे यंदा कुणाला विचारावं लागणार नाही.

हे बोलताना मी व्यासपीठाकडे पाठ करून उभी आहे, हे काहींना उद्धटपणाचं वाटलं असेल. तसं नाही. मागे व्यासपीठावर बसलेल्या जाऊबाईंची डावी भुवई वर गेली की नाही ते मला बघायचं नाहीये. फार इच्छा होतेय. बघणार नाही.

अध्यक्षमहोदयांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, टोळीने काल दिवसभर शेड धुतली, आमच्या यांनी एकदाही जांभई दिली नाही, त्याबद्दल सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द अधिक-उणा गेला असेल, तर पोटात घाला.

जाऊबाई, तुमची क्षमा मात्र मी इथे मागत नाही. कारण मागितली तर तुम्ही इथल्या इथे द्याल. मग हे सगळे उभे राहून तुमच्यासाठी टाळ्या वाजवतील आणि मी पुन्हा जळेन. तेव्हा घरी गेल्यावर, दार लावून, काय ते बोला. तिथे "जेवलीस का" विचारू नका. तिथे मला चांगलं फैलावर घ्या, चौदा वर्षांचं. बॅग नंतर भरू, मी मदतीला आहे.

धन्यवाद.